बत्तीस गाद्या आणि एक सही

मोजणीबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं ऑफिसातले लोक म्हणत. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, आणि ते बहुतेक वेळा एकच असायचं: कोणीतरी अर्धवट मोजून पूर्ण आकडा लिहिलेला असायचा.

इमारतींची तपासणी करणारं ते ऑफिस. तिथे कोणी काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं, कोणी भिंतीतली ओल बघायचं. आवाजाचं खातं बाईंकडे होतं. रिकाम्या खोलीत लाउडस्पीकर लावायचा, मोठा खरखरीत आवाज सोडायचा, तो एकदम बंद करायचा आणि मग तो खोलीत किती वेळ रेंगाळतो ते माइक लावून मोजायचं. कागदावर याला निनादकाळ म्हणत. बाई नुसतं ‘घुमणं’ म्हणायच्या. सभागृहात थोडं घुमलेलं चालतं. वर्गात चालत नाही, कारण एका शब्दाचं शेपूट दुसऱ्या शब्दावर पडतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती नुसता चोथा येतो.

सत्तावीस वर्षं बाईंनी हेच केलं होतं आणि सत्तावीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण काढलं होतं. “कमीजास्त किती?” हा त्यांचा प्रश्न. कोणी आकडा आणून टेबलावर ठेवला की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “कमीजास्त किती?” समोरचा गप्प झाला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. साधं कापड घेताना आपण विचारतो, धुतल्यावर किती आटेल. ज्या खोलीत माणसं वर्षानुवर्षं बसणार, तिचा आकडा किती इकडेतिकडे होईल हे विचारायला कोणाची जीभ उचलत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं.

घरी नवरा होता, छापखान्यातून निवृत्त झालेला. यंत्रांच्या खडखडाटाने त्याचे निम्मे कान नेले होते. म्हणूनच आपला संसार टिकला, असं तो चारचौघांत सांगायचा.

बाईंना एक धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, तिचे केस पिकले तरी. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत ती बावीस वर्षं शिकवत होती. एका संध्याकाळी ती बाईंच्या घरी आली, पाण्याचा तांब्या तसाच समोर ठेवून बसून राहिली, आणि म्हणाली, “ताई, मला वर्गातून काढलं.”

आवाज फाटक्या कागदासारखा.

“काढलं म्हणजे?”

“ग्रंथालयात टाकलं. सोमवारपासून पुस्तकांना शिक्के मारायचे. सर म्हणाले, वर्ग मागे पडलाय. मुलं कानातली यंत्रं काढून दप्तरात ठेवतात. आणि म्हणाले, तुमचं बोलणं पूर्वीसारखं स्पष्ट राहिलं नाही.”

“कोणाला म्हणाला? तुला?”

धाकटीने मान डोलावली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मुलांना तिचं बोलणं कळेनासं झालं होतं. ती मोठ्याने बोलू लागली, तर आणखी कळेनासं झालं. आणखी मोठ्याने बोलली, तेव्हा घसा गेला. डॉक्टरने आत बघून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी धरल्यात, ओरडू नका आणि कुजबुजूही नका.

“आणि हे सगळं ऐकून तू गप्प बसलीस?”

“भांडायला आवाज कुठे आहे, ताई?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता सरळ शाळेत धडकल्या.

मुख्याध्यापक धाकटीच्याच वर्गात होते. मुलं खेळायला गेली होती आणि ते कपाटातल्या पाट्या-पुस्तकांची यादी करत होते. बारीक चणीचे, नीटनेटके गृहस्थ. बाईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

“बावीस वर्षं जिने मुलांना बोलायला शिकवलं, तिला तुम्ही म्हणता तिचं बोलणं स्पष्ट नाही? तुम्ही स्वतः कधी या वर्गात तासभर उभे राहून…”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. मुख्याध्यापकांना वाटलं, बाईंना चक्कर येतेय, म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. बाईंनी ती बाजूला सारली. त्यांचं स्वतःचंच वाक्य त्यांच्या अंगावर परत आलं होतं, चिवडून, लगदा होऊन. त्यांनी वर पाहिलं. गुळगुळीत प्लास्टरचं छत होतं. खाली चकचकीत फरशी, दोन बाजूंना काचा. त्यांनी एकदा टाळी वाजवली. टाळी छत आणि फरशीच्या मधे फडफडत राहिली. सत्तावीस वर्षं हेच ऐकलेल्या कानाला यंत्राची गरज नव्हती.

“सर, ही खोली घुमते. भयंकर घुमते. साध्या कानाला इथे त्रास होईल. कानात यंत्र असलेल्या पोराला तर यंत्र सगळंच मोठं करून देतं, शब्दही आणि त्याचं शेपूटही. ती यंत्रं काढून ठेवणार नाहीत तर काय करणार?”

“शक्य नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. “खोलीची तपासणी झालीये.” ते गेले आणि फाइल घेऊन आले. “हे बघा. शून्य पूर्णांक बेचाळीस सेकंद. आम्हाला चाळीसच्या आसपास हवा होता. म्हणून तर छताला वेगळं काही लावायची गरज नाही असं ठरलं. खालची सही बघा.”

सही बाईंची होती.

“आणि मी तुमच्या बहिणीला विचारलं नाही असं समजू नका,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाजही आता चढला होता. “खोलीत काही दोष आहे का, असं मी मागच्या वर्षी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, खोली माझ्या ताईने मोजलीये, तिच्यात खोट असणार नाही. मीच कुठेतरी कमी पडतेय.”

बाई तिथून कशा निघाल्या ते त्यांना नंतर आठवेना.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढली. प्रत्येक कामाची टिपणवही त्या जपून ठेवत. दोन वर्षांपूर्वीच्या, त्या पार विसरून गेलेल्या त्या मोजणीची वही सापडली. वर्गाचा आराखडा हाताने काढलेला होता. मागच्या भिंतीला चिकटून एक चौकोन आणि त्यात लिहिलेलं: ‘व्यायामाच्या फोमच्या गाद्या, ३२, रचलेल्या, छातीपर्यंत.’ पुढच्या अर्ध्या भागात: ‘सुतारांची फळकुटं, माइक ठेवायला जागा नाही.’ लाउडस्पीकरची जागा एक. माइकच्या जागा दोन, दोन्ही गाद्यांजवळ. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: ‘आकड्यावर भरवसा नाही. खोली रिकामी झाल्यावर पुन्हा मोजावी.’

रिपोर्टात ते वाक्य नव्हतं. त्यांच्या साहेबांनी काढून टाकलं होतं. ते काढल्याचं बाईंनी सही करताना पाहिलं होतं. हेही आता आठवलं.

फोमच्या बत्तीस गाद्या म्हणजे आवाज पिणारा हत्तीच. त्यांच्याजवळ माइक ठेवून मोजलं तर कुठलीही खोली शहाण्यासारखी वागेल. हे बाईंना त्या दिवशीही कळत होतं. मग सही का केली? त्यांनी सबब शोधायला खूप डोकं खाजवलं. घरात कोणी आजारी होतं का? नव्हतं. कुठे जायची घाई? नव्हती. एका दिवसात पाच शाळांच्या पाच खोल्या उरकायच्या होत्या. मग साहेबांशी दहा मिनिटं भांडण झालं, आणि भांडून कंटाळा आला. बस, एवढंच. ज्या बाईने अर्ध्या ऑफिसला आकड्यांवरून रडवलं होतं, तिने कंटाळा आला म्हणून सही केली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसायला सत्तावीस वर्षं पुरली आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दोन वर्षं तसंच होतं.

नवरा दारात उभा राहून बघत होता. “आता कोणावर ओरडायचंय?” त्याने विचारलं.

“स्वतःवर.”

“मग जरा मोठ्याने ओरड. मलाही ऐकू दे.”

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी वही जमिनीवर आपटली, परत उचलली, पुसली आणि पिशवीत घातली.

साहेब मऊ बोलणारे होते. बाईंना त्यांच्या मऊपणाचाच जास्त राग यायचा. वही बघून ते म्हणाले, “बाई, जुनी मढी कशाला उकरता?”

“कारण त्या मढ्यात माणसं बसतायत साहेब. लहान मुलं. खोली पुन्हा मोजायची.”

“एवढं काही बिघडलेलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. दोन जागी मोजलं काय आणि बारा जागी मोजलं काय.”

“भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर होते. वर कच्चा आणि खाली करपलेला असेल तर? खोलीतला आवाज कोणी पळी घालून ढवळत नाही. कोपऱ्यात एक असतो, मधे दुसरा असतो. आपण गाद्यांजवळचं एक शीत चाखलं आणि अख्खं पातेलं शिजलं म्हणून सांगितलं.”

“पुन्हा मोजलं म्हणजे आपण चुकलो असा अर्थ होतो.”

“आपण चुकलोच आहोत.”

साहेबांनी पेन टोपणात घातलं. “ते अजून सिद्ध व्हायचंय. आणि सही तुमची आहे बाई, माझी नाही. नीट विचार करा.”

बाईंनी विचार केला, पण साहेबांना हवा होता तसा नाही. त्या परत मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “आमच्याविरुद्ध लेखी तक्रार करा. माझं नाव घालून करा. तक्रार आवक रजिस्टरात चढली की पंधरा दिवसांत फेरमोजणी करावीच लागते, असा नियम आहे.” मुख्याध्यापकांनाही कुठेतरी टोचत असावं. एका चांगल्या बाईला त्यांनी एका कागदावर विसंबून शिक्के मारायला बसवलं होतं. पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, आणि ते चांगलं कडक लिहिलं.

फेरमोजणी सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरली. सगळं सामान एकट्याने उचलणं शक्य नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी धाकटीला मदतीला बोलावलं. ती आली, पण बाईंशी एक शब्द बोलली नाही. मुख्याध्यापकांकडून तिला तोपर्यंत सगळं कळलं होतं.

बाईंनी आधी पाण्याचा पंप बंद करवला. पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, कपाटं रोजच्या जागी आहेत ना ते बघितलं. खोलीतलं तापमान आणि हवेतला दमटपणा टिपून ठेवला. धाकटीला बाहेर उभं केलं, कारण माणसाचं अंगही आवाज पितं, आणि खोलीत दर वेळी तेवढीच माणसं हवीत. मग लाउडस्पीकर तीन वेगवेगळ्या जागी आणि प्रत्येक वेळी माइक सहा जागी. भिंतीपासून दूर, बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर. प्रत्येक जागी तीनदा. चोपन्न वेळा तो खरखरीत आवाज सुटला आणि तुटला. मधेच रस्त्यावर एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत गेला, तेव्हा ती मोजणी त्यांनी खोडली आणि पुन्हा केली. पूर्वी एखाद्या कामात अशी मोजणी त्यांनी दातओठ खात केली असती. त्या दिवशी त्यांचा सगळा राग हाताच्या नेमकेपणात उतरला होता.

आकडा आला शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. कमीजास्त: चार शतांश. खर्जातला आवाज तर सेकंदाच्याही वर रेंगाळत होता आणि जागेजागेला बदलत होता. जुन्या आकड्याच्या जवळपास दुप्पट.

“झालं ना?” धाकटी दारातून म्हणाली. तिचे दिवसातले ते पहिले शब्द.

“नाही. साहेब म्हणतील, दोन वर्षांत खोलीत काहीतरी बदललं असेल. आपण का चुकलो ते दाखवल्याशिवाय चुकलो हे कोणी मानणार नाही. त्या गाद्या आणायच्यात.”

गाद्या व्यायामाच्या दालनात होत्या, मैदानापलीकडे. एकेक गादी दोघींनी दोन टोकांना धरून आणायची. पहिल्या दहा गाद्या मुकाट्याने आल्या. अकराव्या गादीला धाकटीने मधेच हात सोडले. गादीचं एक टोक मातीत आपटलं.

“मी आरशासमोर उभी राहून अक्षरं घोकायचे,” ती म्हणाली. त्या फाटक्या आवाजात राग जास्तच धारदार लागत होता. “ओठ नीट हलतात का बघायचे. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, डोक्यात काही बिघाड होतोय. नवऱ्याला रोज विचारायचे, मी बोलते ते कळतं ना रे तुला?”

बाई गादीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या.

“तू एकदा तरी विचारलंस, नवी खोली कशी आहे म्हणून?”

“नाही.”

“का नाही?”

“विसरले.”

“तू आकडा लिहून विसरलीस. मी रोज त्यात उभी राहत होते.”

धाकटीने डोळे पुसले, वाकून गादीचं टोक उचललं आणि म्हणाली, “चल. अजून एकवीस आहेत.”

दुपार टळायच्या आत बत्तीसही गाद्या मागच्या भिंतीला रचून झाल्या, वहीतल्या आराखड्यात होत्या तशाच. पुढच्या भागात फळकुटांऐवजी बाकं सरकवली. लाउडस्पीकर जुन्या एका जागी, माइक जुन्या दोन जागी. आकडा आला शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. जुना होता बेचाळीस. आपल्याच घरात चोर सापडावा तसं बाईंचं तोंड झालं. मग गाद्या तशाच ठेवून त्यांनी बाकं हलवली आणि माइक पुढच्या बाजूला नेला, तर आकडा लगेच वर चढला. गाद्याही दोषी आणि जागाही दोषी. आता कोणाला पळवाट नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही.

आठवड्याने साहेबांच्याही वरच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मुख्याध्यापक होते, साहेब होते, बाई होत्या. साहेबांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मऊ आवाजात म्हणाले, “एकाच खोलीचे दोन आकडे आणि दोन्हींवर बाईंचीच सही. आम्ही कोणती खरी धरायची?”

“दोन्ही सह्या माझ्या आहेत,” बाई म्हणाल्या. “पहिली खोटी आहे. नजरचुकीने झालेली नाही. आकडा कच्चा आहे हे मला त्या दिवशी माहीत होतं. तसं मी लिहिलं होतं, ही वही. ते वाक्य साहेबांनी काढलं आणि काढलेलं बघून मी सही केली.”

“बाई, तुम्ही रागाच्या भरात…”

“रागाच्या भरात नाही साहेब. मी रागावले असते तर त्या दिवशी सही केली नसती. आणि याच खोलीवर थांबू नका. त्या दिवशी आम्ही पाच खोल्या अशाच उरकल्या. उरलेल्या चारही पुन्हा मोजा. यादी मी आणलीये.”

मोठ्या साहेबांनी यादीसाठी हात पुढे केला.

पुढे जे झालं ते असं. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी उत्तर एका ओळीत दिलं: ‘आरोप मान्य.’ रिपोर्टांवर सही करायचा त्यांचा अधिकार वर्षभरासाठी काढला. साहेबांना काहीच झालं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचे पाय कधी मळत नाहीत. बाईंनी हे ऑफिसात मोठ्याने बोलून दाखवलं, एकदा जिन्यात आणि एकदा साहेबांच्या दारासमोर. चार खोल्या पुन्हा मोजल्या. दोन ठीक निघाल्या, एक जेमतेम, आणि एक धाकटीच्या वर्गासारखीच. त्या शाळेतही कोणी बाई दोन वर्षं घसा फोडत असेल, या विचाराने बाईंची जेवणावरची वासना उडाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटीच्या वर्गाच्या छताला आवाज शोषणारे जाड तक्ते बसवले आणि मागच्या भिंतीवरही तसेच लावले. मोजणी बाईंनीच केली, सही खात्यातल्या दुसऱ्या माणसाने केली. एकोणचाळीस शतांश, कमीजास्त तीन. मुख्याध्यापकांनी धाकटीची लेखी माफी मागितली आणि तिला वर्ग परत दिला. मुलांनी यंत्रं कानात ठेवायला सुरुवात केली, सगळ्यांनी नाही, पण बहुतेकांनी. धाकटीचा आवाज पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढाच येईल.

ती बाईंच्या घरी येईनाशी झाली. भाऊबंदांकडच्या कार्यात भेटली तर “बरी आहेस ना” एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. नवरा म्हणाला, थांब, येईल. बाई म्हणाल्या, का यावं तिने?

शाळा सुरू होऊन दीड महिना झाला असेल. ऑफिसातला फोन वाजला. बाईंनी उचलला तर पलीकडे तो घोगरा आवाज.

“खिडकीकडच्या रांगेत, शेवटच्या दोन बाकांवर, मुलांना अजून नीट कळत नाही. मी महिनाभर रोज तपासून बघतेय. मुलांच्या जागा बदलून पाहिल्या. मुलं बदलली तरी तेच होतं. म्हणजे दोष जागेचा आहे.”

बाईंनी आराखडा काढला. शेवटच्या दोन बाकांपासून सर्वांत जवळची माइकची जागा दोन मीटर लांब होती.

“तिथे मी मोजलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“तेच सांगतेय.”

“उद्या सकाळी येते.”

“साडेसातला ये. आठला मुलं येतात.” धाकटी पुढे म्हणाली, “मोजायलाच ये. बाकी काही बोलायचं नाही. मला अजून राग आहे.”

“असू दे,” बाई म्हणाल्या आणि सामानाच्या पेट्या भरायला उठल्या.